लेन्सवरचा थेंब येतो वल्ह्यावरून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की तलाव भरलेले, हवा कोरडी आणि पाहुणे पक्षी उतरलेले, असा योग आपल्याकडे जुळून येतो. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर आणि नागपूर जिल्ह्यातल्या इतर पाण्यांवर कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या नावेत, बसून कॅमेरा चालवणारे या दिवसांत वाढतात. त्यांचे फोटो, व्हिडिओ वाचकांच्या पानापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे फिरतात आणि त्यांतल्या पुष्कळांवर एक धुरकट गोल डाग असतो. तो लेन्सवर बसलेला पाण्याचा थेंब. यावर दुकानदारापासून दोस्तमंडळींपर्यंत सगळे एकच औषध सांगतात: गाडीच्या काचेला लावतात ते पाणी न धरू देणारं लिक्विड लेन्सवर चोळा. हे औषध कयाकवर का चालत नाही आणि त्याऐवजी काय करावं, ते जरा तपशिलात लिहीत आहे. जागा द्यावी, ही विनंती.

गाडीच्या काचेवरून पाणी हटवण्याचं काम ते लिक्विड करतच नाही, ते काम वाऱ्याचं. लिक्विडमुळे एवढंच होतं की पाणी काचेवर पसरत नाही, त्याचे टपोरे मणी होतात. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात समोरून येणारा वारा ते मणी वर ढकलून देतो. कयाक चालते ताशी पाच किलोमीटरने. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग बारा पट कमी तर जोर १४४ पट कमी. एवढ्याशा झुळकीने मणी हलत नाही. आपल्या वजनाने ओघळेल म्हणावं, तर तेही नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या आतला थेंब उभ्या काचेलाही चिकटून राहतो, कारण तेवढ्या मापाला पाण्याचा पृष्ठताण त्याच्या वजनाला भारी पडतो. वल्ह्याचे शिंतोडे बहुतेक याच मापाचे. मग लिक्विड लावलेल्या लेन्सवर प्रत्येक शिंतोडा ठसठशीत गोल होऊन जागच्या जागी बसतो आणि चित्र होतं त्याहून वाईट दिसतं.

दुसरं असं की गाडीची काच साधी असते. लेन्सच्या काचेवर चकाकी कमी करणारे अतिशय पातळ लेप असतात. गाडीसाठीच्या रसायनातलं अल्कोहोल आणि आम्ल त्या लेपांसाठी बनवलेलं नाही. कॅमेऱ्याला पाण्यापासून जपणाऱ्या पेटीची पुढची बाजू ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची असेल तर अशा रसायनाने तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात, आणि त्या कशानेही जात नाहीत.

आता वल्ह्याकडे येतो, कारण थेंब येतो तिथूनच. कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं. एक पातं पाण्यात जातं तेव्हा दुसरं वर असतं, आणि त्याच्यावरचं पाणी दांड्यावरून घरंगळत हाताकडे, तिथून मांडीवर आणि छातीवर येतं. दांड्यावर पात्याच्या जवळ रबराची एक वाटीसारखी कडी असते, ती ड्रिप रिंग. घरंगळणारं पाणी तिथे अडून खाली टपकतं. भाड्याच्या वल्ह्यांवर ही रिंग बहुधा सरकून मधोमध, हातापाशी आलेली असते. तिथे तिचा काही उपयोग नाही, कारण पाणी तिथवर पोचलं म्हणजे तुमच्या मांडीवरच आलं. ती पात्याच्या बुडापासून मूठभर अंतरावर, म्हणजे १० ते १२ सेंटिमीटरवर हवी आणि वाटीचं तोंड पात्याकडे. फार खाली सरकवली तर वल्हं मारताना ती पाण्यात बुडते, वाटीभर पाणी वर आणते आणि नेमकं तेच अंगावर सांडते. म्हणून चार-सहा वल्ही मारून बघावं. रिंग बुडत असेल तर दोन बोटं वर घ्यावी.

रिंग नसेलच तर पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब घ्या. तिची दोन बोटं रुंदीची पट्टी दांड्याभोवती ताणून तीन-चार वेढे द्या आणि शेवट आतल्या वेढ्याखाली खोचा. जाड सुती नाडाही चालतो. दांड्यावर एक उंचवटा हवा, पाण्याला तेवढा पुरतो. मात्र वेढे सैल असले तर दुसऱ्या फेरीपर्यंत सगळं सरकत हातात येतं.

वल्ह्याची लांबीही बघावी. भाड्याच्या, वर उघड्या बसायच्या कयाक रुंद असतात, ७५ ते ८० सेंटिमीटरच्या. त्यांना २३० ते २४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. हातात २१० किंवा २२० चं मिळालं की पाण्यापर्यंत पोचायला दांडा उभा धरावा लागतो, आणि दांडा जितका उभा तितकं वरच्या पात्याचं पाणी जोरात खाली धावतं. मारण्याची पद्धत साधीच आहे. पातं पायाच्या बोटांच्या रेषेत आवाज न करता पाण्यात घालायचं, पातं बुडेल इतकंच बुडवायचं आणि कंबरेपाशी आलं की बाजूला काढून घ्यायचं. कंबरेच्या मागे ओढत नेलं की पातं पाणी उचलून फेकतं. ‘छप्प’ असा आवाज येत असेल तर शिंतोडे उडणारच. एकाच बाजूला पातं असलेल्या वल्ह्याला ही दांड्यावरून घरंगळण्याची कटकट फारशी नसते, कारण वरच्या टोकाला ओलं पातंच नसतं. फोटोसाठीच निघायचं असेल आणि नाव त्या घडणीची असेल, तर मी तेच वल्हं सुचवीन.

फोटो काढायला थांबताना हमखास होणारी गोष्ट म्हणजे वल्हं मांडीवर आडवं टाकून लगेच कॅमेरा उचलणं. त्या क्षणी दोन्ही पाती ओली असतात, आणि दांडा जरा कलला की एका पात्याचं पाणी थेट मांडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर. आधी एक पातं पाण्याला टेकवा आणि दांडा त्या बाजूला उतरता ठेवा. दोन-तीन सेकंद निथळू द्या, हात पुसा, मग कॅमेऱ्याला हात लावा. वल्ह्याला दोरी बांधलेली असेल तर ते नावेच्या कडेने पाण्यात सोडून देणं सगळ्यांत उत्तम.

छोटा ॲक्शन कॅमेरा नावेवर बसवणाऱ्यांची अडचण जागेची असते. बहुतेक जण तो समोर, पायांच्या थोडा पुढे बसवतात, कारण तिथून चेहरा छान येतो. पण पातं पाण्यात शिरतं तेही तिथेच, त्यामुळे दर वल्ह्याला दोन थेंब ठरलेले. छातीवरचा पट्टा त्याहून वाईट, कारण दांडा लेन्सच्या वीतभर पुढून ये-जा करतो. कोरड्या जागा दोन: डोक्यावर, टोपीच्या चोचीखाली, आणि पाठीमागे, बैठकीच्या मागच्या बाजूला हातभर उंच दांडीवर. मागून वल्हवणारा माणूस, नावेचं पुढचं टोक आणि समोरचं पाणी असं सगळं एका चौकटीत येतं, म्हणून चित्र म्हणूनही ती जागा मला जास्त आवडते. लेन्स १० अंश खाली कललेली ठेवावी. वरून पडणारा थेंब मग काचेवर न बसता कडेवर बसतो.

बसवताना एक सावधगिरी. भाड्याच्या टणक कयाक बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात. या प्लास्टिकला चिकटपट्टी नीट धरत नाही, आणि त्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असल्याने सक्शन कपातली हवा हळूहळू गळते. किनाऱ्यावर घट्ट बसलेला कप अर्ध्या तासाने पाण्यात पडतो. उन्हाळ्यात तर चिकटपट्टी वितळल्यासारखी मऊ पडते. क्लॅम्प वापरा किंवा नावेच्या इलॅस्टिक दोरीला बांधा, आणि कॅमेऱ्याला वेगळी दोरी व तरंगणारी मूठ लावाच. असे कॅमेरे पाण्यात तरंगत नाहीत, सरळ तळाला जातात.

थेंब सगळ्याच कॅमेऱ्यांना सारखा नडत नाही, आणि याचं गणित कळलं की निम्मी चिंता मिटते. लेन्सच्या मिलिमीटरना एफच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास येतो. दूरचं जवळ आणणारी ३०० मिलिमीटरची टेलिलेन्स एफ ४ वर असेल तर तिचं तोंड ७५ मिलिमीटर व्यासाचं. त्यावर तीन मिलिमीटरचा थेंब बसला तर क्षेत्रफळाच्या सहाशे पंचविसाव्या भागाएवढी आडकाठी. फोटोत डाग दिसतच नाही, सूर्य समोर नसेल तर कळतही नाही. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ वर असेल तर तोंड २५ मिलिमीटरचं. तीच एफ १६ वर नेली तर जेमतेम तीन मिलिमीटरचं, म्हणजे थेंब बरोब्बर दाराएवढा. ॲक्शन कॅमेऱ्याचं तोंड तर एक-सव्वा मिलिमीटरचंच. तिथे एक थेंब चित्राचा मोठा तुकडा गिळतो. म्हणून मोठा कॅमेरा असेल तर पाण्यावर छिद्र उघडं ठेवा, एफ ४ ते ५.६, आणि शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास. ऊन पाठीशी असू द्या. तेवढ्याने एखाददुसऱ्या थेंबाची वासलात लागते. टेलिलेन्सचं लांब हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारा नळीसारखा आडोसा, नेहमी लावलेलं असावं. रुंद कोनाच्या लेन्सचं हूड उथळ असतं, त्याच्या भरवशावर राहू नये.

एवढं करूनही थेंब बसणारच. मग काचेला काय लावायचं? याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: कॅमेऱ्यापर्यंत तुमचा हात पोचतो की नाही.

हात पोचत असेल तर काच पाणी न धरणारी हवी. पण त्यासाठी लेन्सला काही चोळू नका. लेन्सच्या मापाचा, म्हणजे ५८, ६७, ७७ मिलिमीटर असं जे लेन्सच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत लिहिलेलं असेल ते, पाणी न धरणाऱ्या लेपाचा फिल्टर लावा. खराब झाला तर फिल्टर बदलता येतो. कॅननच्या १७-४० एफ ४ एल सारख्या काही लेन्सचं पाण्यापासूनचं संरक्षण तर पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं. अशा फिल्टरवर थेंबाचे मणी झाले की धूळ उडवायच्या रबरी फुग्याने दोन-तीन फुंकर मारायच्या. गाडीच्या काचेला जो वारा फुकट मिळतो तो इथे फुग्यातून द्यायचा, बस्स. मणी कडेला पळतात, कपडा लावायची वेळच येत नाही. तोंडाने फुंकू नये, फुंकेत वाफ असते आणि थुंकीचा बारीक फवाराही.

हात पोचत नसेल, म्हणजे कॅमेरा मागे दांडीवर असेल, तर उलटा मार्ग धरायचा. तिथे काच पाणी पसरवणारी हवी. पाणी एकसारखं पातळ पसरलं की त्याचं भिंग होत नाही, चित्र क्षणभर थरथरतं आणि स्वच्छ होतं. यासाठी लहान मुलांचा शाम्पू एक भाग आणि स्वच्छ पाणी दहा भाग असं मिश्रण छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत ठेवा. किनाऱ्यावर काचेवर एक फवारा, बोटाच्या पेराने हलकं पसरवणं, आणि मग स्वच्छ पाण्याने एकदाच ओझरतं धुणं. पुसायचं नाही. पुसलं की थर गेला. फार धुतलं तरी गेला, आणि धुतलंच नाही तर फेसाचे पट्टे दिसतात. पेटीच्या साध्या काचेवर कच्च्या बटाट्याची ताजी काप फिरवली तरी असाच थर बसतो. हा थर कायमचा नाही. पाणी निथळून काच कोरडी पडू लागली की तो तुटतो आणि पुन्हा थेंब धरू लागतात. थांबाल तिथे दांडी खाली घेऊन कॅमेरा एकदा पाण्यात बुचकळा, थर असेल तर परत एकसारखा पसरतो. पसरला नाही तर नवा फवारा.

काही ॲक्शन कॅमेऱ्यांच्या काचेवर कारखान्यातूनच पाणी न धरणारा लेप येतो. गोप्रोमध्ये तो हीरो १० पासून आहे. त्यावर शाम्पूचा थर नीट धरत नाही. असा कॅमेरा हाताच्या आवाक्यात ठेवावा आणि थेंब झटकून काढावेत. आपला कॅमेरा कोणता, ते घरीच नळाखाली धरून बघा. पाण्याचे मणी झाले तर लेप आहे, पाणी पसरलं तर नाही.

लेन्स चाटण्याचा जुना उपाय पाणबुडे आणि कयाकवाले जगभर करतात, आणि तो चालतोही. लाळेतल्या प्रथिनांमुळे पाणी पसरतं. समुद्रावर जे चालतं ते शहरातल्या तलावावर करू नका. अंबाझरी तलावात जलपर्णी माजते ती सांडपाण्यामुळे, हे नागपूरकरांना सांगायला नको. तलावाच्या पाण्यात भिजलेली काच तोंडाला लावणं म्हणजे ते पाणी पिणंच झालं. लाळ वापरायचीच तर पाण्यात उतरण्याआधी, कोरड्या काचेला, कोरड्या बोटाने.

पुसण्याबद्दल. खांद्यावरचा दुपट्टा लेन्सला लावू नये, रस्त्याची धूळ त्यातच असते. मायक्रोफायबरचे दोन तुकडे ठेवा, वीतभर लांबी-रुंदीचे पुरतात. एक पाणी टिपायला, दुसरा शेवटी कोरडं करायला. कोरडा तुकडा झिपच्या पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या वरच्या खिशात किंवा सरळ टोपीखाली. कयाकमध्ये शेवटपर्यंत कोरडी राहणारी जागा डोकंच. आधी टिपायचं, दाबून, घासायचं नाही. थेंबात गाळाचा कण असला तर घासताना तोच काचेवर ओरखडा काढतो. कपडे धुताना वापरतात ते मऊपणा आणणारं द्रव या तुकड्यांना लावू नये, त्याचा चिकट थर काचेवर उतरतो. सनस्क्रीनचं बोट तर काचेजवळ आणूच नये. तेलकट डागाभोवती पाणी वेडंवाकडं धरतं आणि पुसलं की सगळीकडे पसरतं. सनस्क्रीन घरून निघतानाच लावा आणि हात साबणाने धुऊन टाका.

कधी कधी थेंब पुसून पुसून हात दुखतात आणि धूसरपणा हटत नाही, कारण तो थेंबाचा नसून वाफेचा असतो. बोट फिरवून गेला तर बाहेरचा, नाही गेला तर आतला. आपल्याकडे हे दोनदा घडतं. पावसाळ्यात एसीच्या गाडीतून थंड कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की काचेवर बाहेरून वाफ धरते, आणि पुसली तरी काच थंड असेपर्यंत परत येते. तो झिपच्या पिशवीत बंद ठेवूनच बाहेर आणावा आणि २० ते ३० मिनिटं हवेच्या तापमानाला येऊ द्यावा. आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, दमट खोलीत बंद केलेली पेटी थंड पाण्यावर नेली की आतल्या हवेतली ओल काचेवर जमते. पेटी शक्यतो एसीच्या कोरड्या हवेत बंद करावी आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची छोटी पुडी टाकावी. रंग बदलणारं जेल निळ्याचं गुलाबी किंवा नारिंगीचं हिरवं झालं म्हणजे ते भिजलं. पुडीतून ताटलीत काढून १२० अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये ठेवलं की परत कामाचं, फक्त त्या ओव्हनमध्ये तेव्हा खाण्याचं काही ठेवू नका.

शेवटची गोष्ट घरी आल्यावरची. तलावाचं पाणी वाळलं की त्यातले क्षार पांढऱ्या कड्यांच्या रूपात काचेवर राहतात, आणि नुसतं कोरडं घासून ते निघत नाहीत, ओरखडे मात्र पडतात. आधी डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेला मायक्रोफायबर मिनिटभर काचेवर ठेवावा, मग टिपावं. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. तिथे शेजारीच बॅटरीचं ॲसिडही असतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. जुन्या, हट्टी डागाला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, पण फक्त पेटीच्या साध्या काचेवर.

नौकाविहार चालवणाऱ्यांकडे यानिमित्ताने तीन मागण्या. वल्ह्यांवर रिंगा असाव्यात, आणि गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्या पात्याकडे सरकवलेल्या असाव्यात. रुंद नावांसोबत किमान २३० सेंटिमीटरची वल्ही द्यावीत. आणि धक्क्यावर झाकण असलेली, नळाच्या स्वच्छ पाण्याची एक बादली ठेवावी, कॅमेरा बुचकळायला. लाइफ जॅकेटच्या खिशांच्या झिपा चालू असतील तर फारच छान; तुटक्या झिपेच्या खिशात कपडा कोरडा राहत नाही.

आपला,
एक वाचक, नागपूर